ग्वानाह्वातोला राहायला जाताय? आधी पायऱ्या मोजा

पारिजातक

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली चाकणहून मेक्सिकोला होतेय, दोन वर्षांसाठी. कारखाना सिलाओजवळ आहे. राहायला दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. एक लेओन, मोठं शहर, कंपनीतले बहुतेक जण तिथेच राहतात. दुसरं ग्वानाह्वातो, डोंगरातलं छोटं शहर. फोटो पाहिल्यापासून माझा जीव ग्वानाह्वातोतच अडकलाय.

आम्ही तिघं, मुलगी सात वर्षांची. शिवाय सासूबाई सहा महिने येऊन राहणार आहेत. त्यांचं वय ७१, गुडघे दुखतात, पण रोज देवळापर्यंत चालत जातात. घरात पूर्ण शाकाहार, अंडंही नाही. स्पॅनिशचा गंधही नाही.

घर कुठल्या भागात बघावं, इथून काय न्यावं, खाण्याचं कसं जमेल, हे कुणी तिथे राहिलेलं सांगेल का? दोन रात्री नकाशा बघत बसलेय आणि काहीच उलगडत नाहीये. एका रस्त्याच्या अंगावरून दुसरा रस्ता गेलेला दिसतो आणि दोन्ही कुठेच एकमेकांना मिळत नाहीत.

डोंगरवाट

मी तिथे चार वर्षं राहिलोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला नकाशात जे दिसतंय ते बरोबरच आहे. ते शहर खरोखरच एकावर एक आहे. ग्वानाह्वातो म्हणजे चांदीच्या खाणींचं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर, एका अरुंद घळीत वसलेलं. घळीच्या तळातून नदी वाहायची आणि दर काही वर्षांनी गावात शिरायची. १९०५ च्या पुरानं तर दैना केली. पुढे नदी खोल बोगद्यातून वळवली आणि तिच्या जुन्या पात्रात १९६० च्या दशकात गाड्यांचा रस्ता काढला. त्यामुळे आज गाड्या आणि बस बऱ्याचशा जमिनीखालून जातात, तर माणसं वरून चालतात. बसथांबेसुद्धा बोगद्यात आहेत. दगडी जिना चढून वर आलात की एकदम उन्हात, फुलवाल्यांच्या मध्ये उभे राहता. खाली फोनचा नकाशा चालत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात तोंडी विचारत जाणंच बरं.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तिथे घर बघताना भाडं आणि खोल्या नंतर बघा, आधी पायऱ्या मोजा. गाडी जिथवर येते तिथून घराच्या दारापर्यंत किती पायऱ्या, हा एकच आकडा तुमचं रोजचं आयुष्य ठरवतो. जुन्या गावातली बहुतेक घरं 'कायेहोन'मध्ये, म्हणजे गल्लीबोळांत आहेत. हे बोळ सपाट नसतात. ते घाटासारखे वर चढत जातात आणि तिथे दुचाकीसुद्धा जात नाही.

माझं पहिलं घर १३८ पायऱ्यांवर होतं. गच्चीतून अख्खं गाव दिसायचं: पिवळी, गुलाबी, निळी घरं, मधोमध विद्यापीठाची पांढरी इमारत, समोरच्या टेकडीवर पिपिला या खाणकामगार वीराचा पुतळा. मी पाच मिनिटांत होकार दिला. मग एकेक गोष्ट कळत गेली. नळाचं पाणी प्यायचं नसतं, पिण्याचं पाणी २० लिटरच्या 'गाराफोन'मधून येतं. आम्हा तिघांना आठवड्याला तीन लागायचे. आणून देणारा माणूस एकेक खांद्यावर टाकून त्या पायऱ्या चढायचा, दारात आला की भिंतीला हात टेकून उभा राहायचा. त्याला वर थोडे पैसे आणि एक ग्लास पाणी, हे आमचं ठरूनच गेलं होतं. गॅसचं सिलिंडरही तसंच येतं. कचरा मात्र आपणच खाली न्यायचा, आणि तोही गाडीच्या वेळेलाच. भाजी, किराणा, कपाट, फ्रीज, सगळ्याला त्याच पायऱ्या.

हे सगळं निभावलं. पण एका रात्री मुलाला १०३ ताप होता, बाहेर जुलैचा पाऊस, दगड शेवाळून निसरडे झालेले, आणि मी त्याला चादरीत गुंडाळून एकेक पायरी चाचपत खाली उतरलो. खाली टॅक्सी मिळाली, दवाखाना मिळाला, पोरगा दोन दिवसांत बराही झाला. त्या महिन्यातच आम्ही घर बदललं. रुग्णवाहिका बोळात येऊ शकत नाही हे आजीआजोबा असलेल्या प्रत्येक घरानं आधी लक्षात घ्यायला हवं, म्हणून हे सांगतोय.

त्यामुळे तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: मार्फिल. गावाच्या खालच्या अंगाला, सिलाओच्या वाटेवर. पूर्वी तिथे चांदी काढायच्या हवेल्या होत्या, आज त्यांच्या दगडी भिंतींच्या आडोशानं बंगले आणि वसाहती आहेत. गाडी दारात येते, कारखान्याची वाट अर्ध्या तासाची, आणि गावात जायला सतत बस. दुसरा पर्याय म्हणजे पासेओ दे ला प्रेसा. जुन्या धरणाकडे जाणारा सावलीचा रस्ता आहे. भाडं जास्त, पण रस्त्यालगतचं घर मिळालं तर सासूबाईंना संध्याकाळी धरणाच्या बागेपर्यंत आरामात फिरता येईल. मुलीच्या शाळेसाठी मात्र लेओनमध्ये निवड जास्त आहे, हे मान्यच करावं लागेल. शाळा आधी ठरवा आणि मग घर.

घर बघायला जाल तेव्हा नळ सोडून बघा. गच्चीवर पाण्याची टाकी असते, तिला 'तिनाको' म्हणतात. ती केवढी आहे आणि खाली जमिनीत साठवणटाकी आहे का, ते विचारा. उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, पाणी पाळीनं येऊ शकतं. भिंतीला हात लावून बघा. जुन्या घरांत ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटून पांढरी क्षाराची भुकटी पडते. आतल्या खोल्यांना खिडकी आहे ना, तेही बघा. घरमालक बहुधा 'फियादोर' मागतात, म्हणजे स्वतःची मालमत्ता असलेला स्थानिक जामीन. परक्याला तो कुठून मिळणार? कंपनीनं करार स्वतःच्या नावावर करावा हे बदलीच्या बोलणीतच लिहून घ्या. आत्ता आग्रह धरलात तर होईल, तिथे पोचल्यावर कुणी दाद देत नाही.

थंडीबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी छान ऊन असतं, रात्री मात्र पारा एक आकडी होतो आणि घरांत ऊब देणारी काहीही सोय नसते. दगडी घर आतून बाहेरपेक्षा गार. सासूबाईंसाठी लोकरीचे पायमोजे आणि चांगली रजई हवीच.

मेथीदाणा

डोंगरवाट यांच्या पायऱ्यांना माझंही अनुमोदन. मी खाण्यापिण्याचं लिहिते. आम्हीही शाकाहारी आणि माझी तिथे साडेतीन वर्षं झाली.

पारिजातकताई, पहिली गोष्ट: घाबरू नका. आपल्या स्वयंपाकघरातलं किती काय मुळात त्याच खंडातून आलंय, हे तिथल्या बाजारात उभं राहिल्यावर कळतं. मिरची, टोमॅटो, मका, भोपळा, पेरू, पपई, चिकू, सीताफळ. माझ्या पहिल्या एकादशीला मी खिन्न होऊन मेर्कादो इदाल्गोमध्ये गेले होते. हा १९१० सालचा लोखंडी छताचा मोठा बाजार आहे. तिथे एका बाईंच्या टोपलीत राजगिऱ्याची वडी! तशीच, लाह्या गुळमट पाकात थापलेल्या, वरून शेंगदाणे आणि बेदाणे. तिला 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. राजगिरा त्यांचा, शेंगदाणा त्या खंडातला, रताळं आणि बटाटाही. आपल्या उपासाचं अर्धं ताट तिथूनच निघालंय. रताळ्याला 'कामोते' म्हणतात. संध्याकाळी भाजकी रताळी विकणारी गाडी शिट्टी वाजवत येते, ती शिट्टी लांबवर ऐकू जाते.

पावसाळ्यात पालेभाज्या बघा. 'बेर्दोलागास' म्हणजे आपली घोळ, हुबेहूब. ते लोक ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, पण जुडी कच्ची मिळते, आपण डाळ घालून करायची. 'किन्तोनील' म्हणजे माठाच्याच घरातला पाला. भोपळ्याची फुलं तर ढिगानं. 'हामायका' नावाची लाल सुकी बोंडं दिसतील, ती लाल अंबाडीची. त्यांचं सरबत करतात, मी चटणीही करते. गुळाला 'पिलोनसियो' म्हणायचं, शंकूच्या आकाराच्या ढेपा असतात. पुरणपोळीला उत्तम, जरा काकवीच्या चवीकडे झुकणारा. जिरे, धने, हळद, आलं, चिंच, कोथिंबीर सगळं सहज. काबुली चणे आणि मसुराच्या जातीची डाळ सगळ्या दुकानांत. तूरडाळ आणि हिंग मात्र विसरा. तूरडाळ मेक्सिको सिटीहून मागवावी लागते.

तोर्तियाबद्दल, म्हणजे तिथल्या मक्याच्या पातळ भाकरीबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण त्यानंच मला तिथे रुजवलं. प्रत्येक वस्तीत एक तोर्तियेरिया असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, दळून त्याचं पीठ होतं. यंत्राच्या पट्ट्यावरून गरम तोर्तिया एकामागून एक पडत असतात आणि किलोवर विकतात. घरून स्वच्छ फडकं न्यायचं. ती बाई तराजूच्या पारड्यात फडकं अंथरते, गठ्ठा ठेवते, चारी टोकं वर घेऊन गाठ मारते. सोबत लहान मूल असेल तर एक तोर्तिया उचलते, चिमूटभर मीठ भुरभुरते, गुंडाळी करून मुलाच्या हातात देते. त्याचे पैसे नाहीत. माझ्या मुलानं तिथे शिकलेला पहिला शब्द 'ग्रासियास' तो तिथलाच. त्या गरम तोर्तियेला तूप आणि मिरचीचा ठेचा लावून बघा. मला आजीच्या भाकरीची आठवण व्हायची.

बाहेर खाताना मात्र काळजी हवी. 'सीन कार्ने' म्हटलं तर लाल मांस नसतं इतकंच, कोंबडी येऊ शकते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी उएवो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडं काहीच खात नाही. त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: 'तिएने मान्तेका?' मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि शिजवून घोटलेल्या काळ्या-तांबड्या घेवड्यात ती फार वेळा असते. भातही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे तिथलं खास 'एन्चिलादास मिनेरास', खाणकामगारांची न्याहारी. लाल मिरचीच्या रसात बुडवलेल्या तोर्तिया, आत ताजं चीज आणि कांदा, वर परतलेला बटाटा आणि गाजर. कोंबडी बाजूला ठेवायला सांगायचं आणि तेलात करायला सांगायचं. रस्त्यावर कणीस मिळतं, त्यावर अंड्याचं मेयोनेझ फासतात. फक्त लिंबू-तिखट-मीठ मागा, महाबळेश्वरचं कणीस होतं.

कुकर इथून न्या. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात राजमा आणि चणे तासन्‌तास शिजत बसतात. कुकरलाही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १२७ व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता घरघरतो. तिथला 'लिकुआदोरा' घ्या, चटणीला चालतो, आणि वाटणाला दगडी 'मोल्काखेते' मिळतो, तो आपल्या खलासारखा. मसाले दळलेले आणि बंद पाकिटात न्या. कच्च्या बिया, कडधान्यं, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेऊ शकतात. जे काही नेताय ते अर्जात लिहा, लपवू नका.

ह्यूस्टनकर

राहायला नाही, पण आम्ही ग्वानाह्वातोला तीनदा जाऊन आलोय. इथून थेट विमान आहे. तुमच्याकडे पाहुणे येतीलच, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा, कॅनडाचा, ब्रिटनचा, जपानचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पारपत्रात चिकटवलेला व्हिसा मुदतीतला हवा. आमच्या एका मित्राकडे अमेरिकेतल्या मुदतवाढीचा कागद होता, व्हिसाची मुदत मात्र संपलेली. त्याला विमानातच बसू दिलं नाही. किती दिवस राहायची परवानगी मिळाली ते अधिकारी शिक्क्यावर लिहितो, कमाल १८०. काउंटरवरून हलण्याआधी तो आकडा वाचा.

विमानतळ सिलाओजवळ आहे. आतल्या खिडकीवरच टॅक्सीचं तिकीट काढा. मेक्सिको सिटीहून बसनं आलात तर उत्तरेच्या स्थानकावरून साधारण पाच तास, आणि बस अतिशय चांगल्या. ग्वानाह्वातोचं बसस्थानक गावाबाहेर आहे, तिथून पुन्हा टॅक्सी किंवा शहरबस. शहरातल्या टॅक्सीला मीटर नसतो. बसायच्या आधी भाव विचारा.

ऑक्टोबरमध्ये सेर्बान्तीनो हा कलामहोत्सव असतो. १९५३ साली विद्यापीठातल्या मुलांनी सान रोकेच्या छोट्या चौकात स्पॅनिश लेखक सर्वान्तेसच्या प्रहसनांचे प्रयोग सुरू केले, त्यातून १९७२ पासून हा आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा राहिला. नाटक-संगीताची आवड असेल तर एकदा तरी याच. पण खोली चार-सहा महिने आधी धरा, आणि रात्री झोप हवी असेल तर खिडकी हार्दिन दे ला उनिओनकडे नसलेली मागा. ही बाग त्रिकोणी आहे, गावकरी तिला चीजची फोड म्हणतात. तिच्या कडेनं जी दाट कातरलेली झाडं आहेत त्यांना तिथे 'लाउरेल दे ला इंदिया' म्हणतात. वडापिंपळाच्या कुळातलं झाड आहे ते. माझे वडील त्याच्या खोडाला हात लावून बराच वेळ उभे होते.

बघण्याचा क्रम आमच्या अनुभवातून: पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका, नुसतं चाला आणि पाणी प्या. उंचीमुळे धाप लागते. आल्होन्दिगा दे ग्रानादितास चुकवू नका. धान्याचं कोठार म्हणून बांधलेली ती किल्ल्यासारखी इमारत २८ सप्टेंबर १८१० ला इदाल्गोच्या बंडखोरांनी घेतली. इदाल्गो म्हणजे स्पेनविरुद्धचा स्वातंत्र्यलढा सुरू करणारा पाद्री. पाठीवर दगडी फरशी बांधून, गोळ्या झेलत दाराला आग लावणारा तो खाणकामगार पिपिला. पुढच्या वर्षी इदाल्गो आणि त्याच्या तीन साथीदारांची मुंडकी पिंजऱ्यात घालून त्याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगली आणि ती १८२१ पर्यंत तिथेच होती. आतल्या जिन्याच्या भिंतींवरची चित्रं सावकाश बघा. चित्रकार दिएगो रिव्हेराचं जन्मघरही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. पिपिलाच्या टेकडीवर दोरगाडीनं जा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जा. ममींचं संग्रहालय सात वर्षांच्या मुलीला मी दाखवणार नाही, त्यात तान्ही मुलंही आहेत.

पारिजातक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू? मार्फिल नक्की केलं. सासूबाईंना राजगिऱ्याच्या वडीचं वाचून दाखवलं, तेव्हापासून त्यांनी बॅग भरायला घेतलीय.

दोन गोष्टींची धास्ती आहे. एक, बातम्यांत ग्वानाह्वातो राज्याचं नाव खुनाखुनीसाठी येतं. दुसरी, तिथे विंचू फार आहेत असं वाचलं. खरं काय?

डोंगरवाट

दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्हींची नीट काळजी घ्यायची.

राज्यात टोळ्यांची हिंसा आहे, आणि ती बरीचशी सेलाया, सालामान्का, इरापुआतो या पट्ट्यात. तेलवाहिन्यांतून होणारी इंधनचोरी हे तिचं एक मोठं मूळ. ग्वानाह्वातो शहर त्या मानानं शांत, विद्यापीठामुळे रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर पोरंपोरी असतात. आम्ही पाळलेले नियम सांगतो. शहराबाहेरचा प्रवास उजेडातच. जिथे टोलचा रस्ता आहे, त्याला 'कुओता' म्हणतात, तिथे तोच घ्यायचा, चार पैसे वाचवायला फुकटचा आडरस्ता नको. पैसे काढायला बँकेच्या आतलं यंत्र. राजकारण आणि टोळ्यांबद्दल अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कारखान्याचा बसमार्ग बदलला की त्याचं कारण असतं, तेव्हा त्या दिवशी बाहेर पडू नका.

विंचवाला 'आलाक्रान' म्हणतात. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात जास्त. पलंग भिंतीपासून हातभर लांब, बूट झटकून घालायचे, दारांच्या फटी बंद, मुलीचे कपडे जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. आपत्कालीन क्रमांक ९११.

सावित्रीकाठ

विंचवाचं वाचून राहवलं नाही. मी महाडची, नर्स म्हणून पंचवीस वर्षं काम केलंय. आमच्या भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन लाल विंचवाच्या दंशाचे किती जीव वाचवले ते आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे कोकणातली माणसं परदेशातही त्याच गोळीचा विचार करतील, म्हणून सांगते: मेक्सिकोतला विंचू वेगळ्या जातीचा, त्याच्या विषाची लक्षणं वेगळी आणि तिथला उपचार म्हणजे प्रतिविष. घरच्या घरी कसलीही गोळी देऊ नका. घशात केस अडकल्यासारखं वाटणं, तोंडाला पाणी सुटणं, नाक-तोंड खाजणं, डोळे भिरभिरणं, मूल एकसारखं रडणं, असं काही दिसलं तर विष अंगात भिनलंय. लक्षणांची वाट न बघता लहान मुलाला आणि वयस्कर माणसाला लगेच दवाखान्यात न्या. प्रतिविष लवकर मिळालं की माणूस लवकर सावरतो. घर घेतल्यावर पहिल्याच दिवशी जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात ते चोवीस तास मिळतं ते विचारून फ्रीजवर लिहून ठेवा.

मेथीदाणा

कागदांचं राहिलं. लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला इथूनच अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का घेऊन न्या. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. स्पॅनिश भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराचंच चालतं. व्हिसावर उतरल्यापासून ३० दिवसांत रहिवासी कार्डासाठी तिथल्या स्थलांतर कार्यालयात जावं लागतं. ते ३० दिवस अजिबात हुकवू नका. आणि भारताशी साडेअकरा तासांचा फरक आहे. २०२२ पासून तिथे घड्याळ पुढेमागे करणं बहुतेक भागात बंद झालंय, म्हणून तो वर्षभर तेवढाच राहतो. आईला फोन करायची एक वेळ ठरवली की ठरली.

आणखी एक. दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दीआस' किंवा 'बुएनास तार्देस' म्हणा, मगच काय हवं ते सांगा. जेवणाऱ्यांच्या जवळून जाताना 'प्रोबेचो'. नीट ऐकू आलं नाही तर 'मान्दे?' एवढ्या तीन गोष्टींनी माणसं आपली होतात. आपल्याला त, द स्वच्छ म्हणता येतात, त्याचा त्या भाषेत फार फायदा होतो.

पारिजातक

धागा वर काढतेय, येऊन चार महिने झाले.

मार्फिलचं घर दारात गाडी येणारं आहे, अकराच पायऱ्या. कंपनीनं करार स्वतःच्या नावानं केला, डोंगरवाट यांचा सल्ला जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला होता. मुलीची शाळा लेओनला, बस सकाळी साडेसहाला येते. हे जरा जड जातंय, पुढच्या वर्षी इथलीच शाळा बघणार आहोत. एक विंचू न्हाणीघरात निघाला, कुणाला चावला नाही. दवाखान्याचं नाव फ्रीजवर आहे.

सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच तोर्तियेरियाची वाट पाठ केली. शब्द एक येत नाही, पण सकाळी अकराला इथूनच आणलेलं जुन्या नऊवारीचं फडकं घेऊन निघतात. काल मी बरोबर गेले. रांगेत सहा बायका होत्या. त्या बाईंनी सासूबाईंना हात करून पुढे बोलावलं, फडक्याची किनार दोन बोटांत धरून पाहिली आणि काहीतरी विचारलं. मला एवढंच कळलं की हे कुणी विणलं असं ती विचारतेय. सासूबाईंनी मराठीत सांगितलं, 'माझ्या आईचं लुगडं आहे, इचलकरंजीचं.' बाईंनी मान हलवली, गठ्ठा बांधला आणि एका तोर्तियेवर मीठ भुरभुरून ती सासूबाईंच्या हातात दिली.